वस्तीत माणसं किती, दवाखाना किती मिनिटांवर?



या पानावर आपण एरवी रक्त कमी असणं, बीपी, शुगर, बाळाच्या लसी यांबद्दल बोलतो. आज मी रस्त्याबद्दल आणि शिरगणतीबद्दल लिहिणार आहे. आरोग्याच्या पानावर रस्ता कशाला, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगते.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. आमच्या हद्दीत साधारण नऊशे लोकवस्तीचं एक गाव होतं. गावात डांबरी रस्ता होता, चौकापर्यंत एसटी यायची. चौकाच्या पुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे आपली वस्ती. घरं 36, माणसं 180 च्या आसपास. चौक ते वस्ती अंतर जेमतेम सातशे मीटर, पण ओढ्यावर पूल नव्हता.

पावसाळ्यात त्या वस्तीतली एक लेकुरवाळी दुसऱ्यांदा बाळंत होणार होती. दिवस भरायला दोन आठवडे बाकी होते. मुक्कामी एसटी त्या महिन्यात बंद पडलेली, म्हणून सासूने ठरवलं होतं की रविवारी सकाळी जीपने दवाखान्याच्या गावी बहिणीकडे नेऊन ठेवू. शुक्रवारी रात्रीच कळा सुरू झाल्या आणि घरीच मुलगी झाली. बाळ चांगलं रडलं. पण बाईचं रक्त थांबेना. पावणेदहाला आशाताईने 108 ला फोन केला, मग मला केला. साडेदहाच्या आत गाडी चौकात उभी होती. गाडीने उशीर केला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

पण ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. नवऱ्याचा फोन आला, "सिस्टर, गाडी आलीया, पर वड्याला पाणी हाय. बाज कशी न्यावी?" पाणी गुडघ्यापर्यंत उतरल्यावर चौघांनी बाज खांद्यावर घेतली. ती गाडीत चढेपर्यंत पावणेबारा वाजले. आमच्याकडे आली तेव्हा हात बर्फासारखे गार होते आणि नाडी लागत नव्हती. आम्ही सलाईन लावलं, गर्भाशय आवळण्याची इंजेक्शनं दिली, रक्तासाठी जिल्ह्याच्या गावाला पाठवलं. ती तिथे पोहोचली नाही.

आमच्यापासून गावापर्यंतचं अंतर गाडीने अर्ध्या तासाचं. शेवटच्या सातशे मीटरने सव्वा तास खाल्ला. नोंदवहीत मात्र मृत्यूचं कारण "बाळंतपणानंतरचा रक्तस्राव" असंच लागलं. ते खरंच होतं. ओढ्यासाठी त्या वहीत रकाना नव्हता.

तीन उशीर

बाळंतपणात बाया का दगावतात याचा अभ्यास करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी 1994 साली तीन उशिरांची मांडणी केली. ती आज जगभर वापरली जाते. पहिला उशीर घरात होतो, म्हणजे दवाखान्यात न्यायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेत होतो, वाहन आणि रस्ता मिळण्यात. तिसरा दवाखान्यात होतो, म्हणजे डॉक्टर, रक्त, औषध मिळण्यात.

आम्ही नर्सा पहिल्या उशिराबद्दल बायांना खूप समजावतो. तिसऱ्याबद्दल सरकारशी भांडणंही होतात. दुसरा उशीर मात्र कुणाच्याच खात्यात धड बसत नाही. आरोग्य खातं म्हणतं रस्ता आमचा नाही. बांधकामवाले म्हणतात दवाखाना आमचा नाही.

आणि शरीर थांबत नाही. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर धडधाकट बाईचाही दोन तासांच्या आसपास जीव जाऊ शकतो. लकव्याच्या ज्या झटक्यात मेंदूच्या नसेत गुठळी असते, त्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नाग किंवा मण्यार चावली तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तिथे प्रतिसर्पविष आणि श्वासाचा आधार वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. म्हणून आपल्या वस्तीपासून दवाखाना किती किलोमीटर, हे विचारून भागत नाही. रात्री, पावसात, किती मिनिटं, हे विचारायला हवं.

तुमच्या गावाची कुंडली सरकारकडे आहे

दर जनगणनेनंतर प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघते. तिच्यात गावागणिक माहिती असते: घरं किती, माणसं किती, सहा वर्षांखालची मुलं किती, अनुसूचित जातीचे लोक किती. शिवाय गावात शाळा, दवाखाना, बसथांबा, पक्का रस्ता आहे का, हेही असतं. एखादी सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे हे तीन खुणांनी दाखवतात: 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10 किलोमीटर आणि 10 किलोमीटरच्या पुढे.

ही माहिती उपयोगाची आहे, पण तिच्यात तीन भोकं आहेत. एक, 11 किलोमीटर आणि 40 किलोमीटर दोन्ही "10 च्या पुढे" याच खुणेत बसतात. दोन, हे अंतर गावाचं असतं. ओढ्यापलीकडची वस्ती, तांडा, वाडी यांचं वेगळं अंतर तिथे नसतं. गावात बसथांबा "आहे" असं लिहिलं की तो वस्तीलाही "आहे" असं धरलं जातं. तीन, आकडे 2011 चे आहेत. 2021 ची जनगणना झाली नाही. म्हणजे 2011 च्या मार्चनंतर जन्मलेलं एकही मूल त्या आकड्यात नाही.

गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. गावाच्या बेरजेत आपण असतो, पण सोय आली की ती चौकात थांबते.

डोकी मोजूनच सोय मिळते

सरकारी सोयींचे निकष लोकसंख्येवर ठरतात. ते आपल्याला तोंडपाठ असले पाहिजेत. सपाट भागात 5,000 लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र, 30,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 ला एक सामुदायिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. डोंगराळ, आदिवासी, दुर्गम भागात हेच आकडे 3,000, 20,000 आणि 80,000 आहेत. आशाताई साधारण 1,000 लोकांमागे एक. अंगणवाडी 400 ते 800 लोकसंख्येला एक. 150 ते 400 च्या वस्तीला मिनी अंगणवाडी असा निकष होता. आता अनेक मिनी अंगणवाड्यांचं पूर्ण अंगणवाडीत रूपांतर होत आहे.

आता नऊशे लोकांच्या गावाचा हिशेब करा. अशी पाच-सहा गावं मिळून एक उपकेंद्र होतं. ते कुठल्या गावात बांधायचं, हे बहुतेक वेळा ज्या गावाचं वजन जास्त ते ठरवतं. आशाताई एकच. तिचं घर ओढ्याच्या अलीकडे असेल तर पावसाळ्यात पलीकडच्या गरोदर बाईला ती किती वेळा भेटणार? यात आशाताईचा दोष नाही. निकष डोकी मोजतो, ओढा मोजत नाही.

डोंगराळ आणि दुर्गम भागासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाने लोकसंख्येऐवजी वेळ मोजण्याची मुभा दिली आहे. पायी अर्ध्या तासात सेवा मिळावी, असा तो विचार आहे. आपली मागणी याच दिशेने हवी.

अंगणवाडीबाबत एक गोष्ट लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सांगितलं आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. हा हक्क खेड्यातल्या लोकांना आहे आणि शहरातल्या झोपडपट्टीलाही आहे. नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या, असंही त्याच आदेशात आहे.

पाचशे मीटरची मेख

25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट भागात 500 आणि डोंगराळ, आदिवासी भागात 250 लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा, असं ठरलं. योजनेने महसुली गावाऐवजी वस्ती हा घटक धरला, ही चांगली गोष्ट. पण नियमांत एक मेख आहे. बारमाही रस्त्यापासून 500 मीटरच्या आत असलेली वस्ती "जोडलेली" समजली जाते. डोंगराळ भागात हे अंतर दीड किलोमीटर आहे.

आपल्या किती वस्त्या गावापासून तीनशे-चारशे मीटरवर आहेत, आठवून बघा. कागदावर त्या जोडलेल्या आहेत. प्रत्यक्षात मध्ये चिखल आहे, ओढा आहे, कुणाचा तरी बांध आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. त्यात 2011 ची लोकसंख्या धरून 25,000 वस्त्या जोडायच्या आहेत. मोठ्या रस्त्याची मागणी असेल तर हा मार्ग आहे. पण चौकापासून वस्तीपर्यंतचा तुकडा, मोरी किंवा छोटा पूल हवा असेल तर आपल्या राज्यात वेगळी योजना आहे: अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास. जुन्या लोकांना ती दलित वस्ती सुधार योजना म्हणून माहीत आहे. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे ती असते. वस्तीची लोकसंख्या किती, त्यावर निधीचा टप्पा ठरतो. इथेही पुन्हा डोकीच मोजतात. वस्तीची नोंद कमी असेल तर निधी कमी.

गेहलौरचा डोंगर

रस्ता नसला की काय होतं, हे आपल्या देशाला बिहारमधल्या गया जिल्ह्यातल्या गेहलौर या छोट्या गावाने दाखवलं. तिथले दशरथ मांझी मुसहर या दलित समाजातले भूमिहीन मजूर. त्यांच्या पत्नी फाल्गुनीदेवी डोंगरावर जखमी झाल्या आणि दवाखाना फार लांब असल्याने वेळेवर उपचार न मिळता गेल्या. मांझींनी 1960 साली हातोडा आणि छिन्नी घेऊन डोंगर फोडायला सुरुवात केली. 1982 पर्यंत, 22 वर्षं, ते फोडत राहिले. सुमारे 110 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद वाट झाली. अत्री आणि वजीरगंज या भागांमधलं 55 किलोमीटरचं अंतर 15 वर आलं. 17 ऑगस्ट 2007 रोजी ते दिल्लीच्या एम्समध्ये वारले. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, टपाल तिकीटही निघालं.

मी त्यांना मनापासून वंदन करते. पण सभांमध्ये त्यांची गोष्ट फक्त जिद्दीची म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. एका माणसाला बायको गमावून 22 वर्षं दगड फोडावा लागला, ही त्या व्यवस्थेची लाज आहे. आपल्याला छिन्नी घ्यायची नाही. आपल्याकडे ग्रामसभा आहे, कागद आहे, मोजता येणारी मुलं-मुली आहेत.

वस्तीचा कागद तयार करा

एका रविवारी महिला मंडळ आणि शिकणाऱ्या पोरांनी मिळून हे काम करावं. एक वही आणि घड्याळ पुरे.

1. घरं किती, माणसं किती, त्यात बाया किती.
2. सहा वर्षांखालची मुलं किती. आज गरोदर किती, प्रत्येकीची तारीख काय.
3. साठीच्या पुढचे किती. डायलिसिस, टीबी, सिकलसेल, लकवा, अपंगत्व असलेले किती. इथे नुसता आकडा लिहा, नावं चावडीवर वाचू नका.
4. वस्तीतून गाडी येते त्या जागेपर्यंत किती मिनिटं. एकदा एकट्याने चालून मोजा, एकदा बाज घेऊन मोजा. दोन्हीत खूप फरक पडतो.
5. तिथून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिथे सिझेरियन होतं व रक्त मिळतं तो दवाखाना, प्रत्येक किती मिनिटांवर.
6. पहिली एसटी किती वाजता, शेवटची किती वाजता, मुक्कामी गाडी आहे का. काळी-पिवळी किंवा टमटम रात्री मिळते का, किती घेतात.
7. वर्षात किती दिवस वाट बंद असते.
8. मागच्या तीन वर्षांत वाटेत किंवा उशिराने किती जण दगावले.

हा एक पानाचा कागद लेखी अर्जाला जोडून ग्रामसभेत द्या आणि पोच घ्या. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्याआधी महिलांची सभा असते. आधी महिला सभेत ठराव करून घ्या. गाव विकास आराखड्यात आणि वस्तीच्या पाच वर्षांच्या आराखड्यात आपलं काम आलं का, ते स्वतः वाचून बघा. एसटीची फेरी हवी असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव डेपोत द्या आणि शाळकरी मुली किती, दवाखान्यात जाणारे किती, हे आकडे त्यात घाला.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्याकडे दरवर्षी थोडा अबंधित निधी येतो. तातडीने दवाखान्यात नेण्याच्या खर्चासाठीही तो वापरता येतो. समितीत वस्तीतली बाई आहे का, विचारा.

रस्ता होईपर्यंत काय करायचं

गरोदर बाईच्या घरी सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा: कुठल्या दवाखान्यात, कुठल्या गाडीने, सोबत कोण, मोठं लेकरू कुणाकडे. पावसाळ्यात दिवस भरत असतील तर तारखेआधी आठ-दहा दिवस दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे न्या. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत यासाठी माहेरघर आहे, तिथे राहता येतं.

102 ची गाडी गरोदर आणि बाळंत बाईसाठी व एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी फुकट आहे. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त हेही फुकट आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून हा हक्क आहे. 108 सगळ्या तातडीच्या आजारांना आणि अपघातांना. राज्यात ही सेवा 2014 पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो. फोन करताना गावाबरोबर तालुका, फाटा, ओळखीची खूण सांगा आणि एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा.

बाळंतिणीचं रक्त थांबत नसेल तर तिला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा, अंगावर पांघरूण घाला, बाळाला छातीशी लावा. बेंबीखाली गर्भाशय हाताने गोल चोळत राहा. वार अडकली असेल तर नाळ ओढू नका. आणि लगेच निघा.

साप चावला तर चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. त्याला चालवू नका. चावलेला हात-पाय फळीने स्थिर करा आणि सरळ दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना मोफत. कॅन्सर, टीबी, सिकलसेल, डायलिसिस, एचआयव्ही अशा आजारांच्या पेशंटलाही सवलत आहे. कोणते कागद लागतात ते डेपोत विचारा.

शहरातल्या वस्तीत राहणाऱ्या वाचकांनीही हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. शहरात 50,000 लोकसंख्येला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. आणि दवाखाना दोन किलोमीटरवर असला तरी गल्लीत स्ट्रेचर वळत नसेल तर तुमचाही ओढाच आहे. मिनिटं तुम्हीही मोजा.

मोजणीला दारात माणूस येईल तेव्हा

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. पुढची कित्येक वर्षं याच आकड्यांवर उपकेंद्र, रस्ता, वस्तीचा निधी ठरणार. म्हणून घरातलं एकही माणूस सुटू देऊ नका. ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्यांची नोंद कुठे होणार याची चौकशी करा. चार दिवसांचं बाळही सांगा.

धर्म आणि अनुसूचित जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 1990 च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं आहे. म्हणून धर्म विचारला की बौद्ध सांगा आणि अनुसूचित जातीची नोंद आपल्या दाखल्याप्रमाणे द्या. जनगणनेत धर्माचे आकडे गावपातळीवर छापले जात नाहीत, अनुसूचित जातीचे छापले जातात. ती नोंद रिकामी राहिली तर गावाच्या आकड्यात वस्ती दिसतच नाही.

त्या ओढ्याचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. वस्तीतल्या बायांनी असाच कागद केला. पहिल्या ग्रामसभेत तो वाचूही दिला नाही. दुसऱ्या सभेत पोच मिळाली. तिसऱ्या सभेला आशाताईने त्या रात्रीची वेळ मिनिटामिनिटाने सांगितली आणि ठराव झाला. दोन वर्षांनी ओढ्यावर नळकांडी पूल झाला. फार मोठा नाही, पण 108 ची गाडी वस्तीत जाते. त्या रात्री जन्मलेली मुलगी आजीजवळ वाढते आहे. ती रोज त्याच पुलावरून शाळेत जाते.

पूल तिच्या आईच्या आधी व्हायला हवा होता. तुमच्या वस्तीत तो आधी व्हावा, यासाठी हे लिहिलं. येत्या रविवारी वही आणि घड्याळ घेऊन निघा.

जयभीम.